एका कार्ब्युरेटरवर आलेले काका

सिंगापूरच्या तोआ पायोहमधली ती खोली मला मिळाली ती माझ्या पीएचडीमुळे नाही, मी शाकाहारी आहे म्हणून नाही आणि मराठी बोलते म्हणूनही नाही. माझ्याआधी खोली बघून गेलेली मंडळी या सगळ्या कसोट्यांना उतरत होती, असं मला नंतर कळलं. घरमालकांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी लिफ्टने खाली नेलं, मग शेजारच्या बहुमजली पार्किंगच्या अगदी वरच्या उघड्या मजल्यावर नेलं, तिथे उभी असलेली एक जुनी विलायती मोटरसायकल किक मारून चालू केली आणि हातभर लांब रबरी नळी माझ्या हातात दिली.

"एक टोक कानाला लाव. दुसरं या भोकाशी धर. आता त्या पलीकडच्या भोकाशी. सांग, कुठे जास्त फुसफुसतंय?"

वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. भर दुपारच्या उन्हात, ऑफिसच्या कपड्यांत, एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांच्या मोटरसायकलची छाती मी तपासत होते. बराच वेळ नळी इकडून तिकडे केली आणि शेवटी खरं ते सांगून टाकलं, "मला तर दोन्हीकडे सारखंच वाटतंय."

"खोली तुझी," ते म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

आदल्याच दिवशी त्यांनी गॅरेजवाल्याला बोलावून, हवेचा ओढा मोजायचं गेज लावून दोन्ही बाजू अगदी सारख्या करून घेतल्या होत्या. आधीच्या उमेदवारांनी म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कुणी ठासून डावीकडे सांगितलं होतं, कुणी उजवीकडे. एकाने तर डोळे मिटून मान डोलावत सांगितलं होतं म्हणे. "जो ऐकू न आलेलं ऐकू आलं म्हणून सांगतो, तो भाडंही वेळेवर देत नाही," असं त्यांचं तर्कशास्त्र होतं. ते बरोबर होतं की नाही मला माहीत नाही, पण त्याच्या जोरावर मी त्या घरात दोन वर्षांहून जास्त राहिले.

काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. मूळचे पुण्याचे, तरुणपणी समुद्रावर गेले, पुढे सिंगापूरच्या एका गोदीत नोकरी धरली आणि इथलेच झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी जवळच बिशानला राहत होती, शाळेत शिकवत होती. काकांची मराठी मात्र त्यांनी पुणं सोडलं त्या दिवसावर थांबलेली होती. ते अजून रेडिओला 'आकाशवाणी' म्हणत आणि कुणी 'चिल' म्हणालं तर पंखा वाढवत.

घरात प्रत्येक वस्तू दोन होती. दोन कुकर, दोन इस्त्र्या, दोन छत्र्या, भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं. एक चालू आणि एक 'स्टँडबाय'. जहाजावर कुठलंही यंत्र एकटं नसतं, हा त्यांचा धर्म होता. मी पहिल्यांदा खिचडी केली तेव्हा मोठ्या उत्साहाने दुसरा कुकर काढला, तर केवढा गहजब. "तो स्टँडबाय आहे. तो वापरलास तर स्टँडबाय कोण?" मी म्हटलं, पहिला. त्यावर ते विचारात पडले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "तत्त्वतः तुझं बरोबर आहे, पण वापरू नकोस."

मला ते 'डॉक्टर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी यीस्टवर काम करते हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे पाव फुगवतेस?"

ती मोटरसायकल त्यांच्याहून थोडीच लहान असेल. अशा जुन्या गाड्यांना वर्षातले ठरावीकच दिवस रस्त्यावर यायची परवानगी असते, त्यामुळे बाकीच्या रविवारी तिची नुसती सेवा चाले. दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला आपापला कार्ब्युरेटर. हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला पाजायचं हे कार्ब्युरेटरचं काम. दोघांनी एकाच वेळी, सारखाच घोट पाजला पाहिजे, नाहीतर एक सिलिंडर तुडुंब आणि दुसरा उपाशी, आणि गाडी लंगडायला लागते. जुने झिजलेले कार्ब्युरेटर एकदा जुळवले की तसेच राहतील अशी आशा धरायची नाही. एक फेरी मारून आलं की पुन्हा बेसूर. काका ते जुळवत ते कानाने, नळी लावून. भाडेकरूंची परीक्षा सोडली तर गेज त्यांना मान्य नव्हतं. "गेज लावायचं तर मग माणूस कशाला हवा?" असं विचारत.

फक्त आता तो कान माझा होता. मी नळी लावायची, "डावा जास्त" किंवा "उजवा जास्त" सांगायचं, त्यांनी स्क्रू किंचित फिरवायचा. डावा-उजवा म्हणायचीही सोय नव्हती, जहाजासारखं 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' म्हणावं लागे. मला वाटायचं, शिकवायची हौस आहे म्हाताऱ्याला. खरा प्रकार लक्षात आला तो कुकरमुळे. एकदा सकाळी ते ओट्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि मागे कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा ते दचकले. "झाला का?" म्हणाले.

आयुष्यभर इंजिन रूममध्ये काढलेल्या माणसाचे कान असेच जातात. जाड, घुमणारे आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येत. बारीक आवाज पार गेले होते. शिट्टी, दारावरची घंटा, बायकांचं बोलणं, आणि कार्ब्युरेटरचा तो फुसफुसाट. इंजिनाची थरथर ते तळव्याने ओळखत, पण हवा तळव्याला कळत नाही. म्हणून ती परीक्षा. त्यांना भाडेकरू नको होता, कान हवा होता. पण या गोष्टीबद्दल त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. ऐकू आलं नाही की ते "विचार करून सांगतो" म्हणत. लोकांना वाटे, केवढा पोक्त माणूस.

इथे मला एक सांगायलाच हवं. मी मुळात पुटपुटणारी. शाळेपासून सगळे "जरा मोठ्याने" म्हणत आले आणि दर वेळी माझा आवाज आणखी आत गेला. प्रयोगशाळेच्या बैठकीत मी काही सांगितलं की बॉस दुसऱ्याच कुणाकडे बघून विचारायचा, "व्हॉट डिड शी से?" काकांच्या घरी पुटपुटून चालत नव्हतं. चहा हवा का, हे विचारायलासुद्धा पोटातून आवाज काढावा लागे, शब्द सुटा करावा लागे, समोर उभं राहून तोंडाकडे बघत बोलावं लागे. सहा महिन्यांत मला ती सवयच जडली. पुढे पुण्यातल्या नोकरीच्या मुलाखतीत लांबलचक टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही माझं प्रत्येक वाक्य कळलं. आज वर्गात मी माइक घेत नाही. कुठल्याही कोर्सने जे झालं नसतं ते एका बहिऱ्या माणसाने, आपण बहिरे आहोत हे लपवता लपवता करून दिलं. त्यांचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत आणि मला वाटतं त्यांना त्याचा पत्ताच नाही.

मुलगी दर रविवारी दुपारी जेवायला यायची. तिला मराठी सगळं कळे, बोलायची इंग्रजी. आवाज मुळात नाजूक, पण बापाशी बोलताना तो चढलेला असायचा.

"पापा, आय रँग द बेल सो मेनी टाइम्स!"

"रागावतेस काय आल्या आल्या? बस."

"आय अ‍ॅम नॉट अँग्री लाह!" हेही ओरडूनच, शेवटी इथला तो 'लाह' लावून.

एका रविवारी तिने भांडी विसळता विसळता निर्वाणीचं सांगितलं. कान तपासून घ्यायचे, नाहीतर या वर्षीची परवानगी संपली की मोटरसायकल विकायची. मागून लॉरीने हॉर्न दिला तर तुम्हाला कळणार का? माझा मुलगा विचारतो, आजोबा उत्तर का देत नाहीत, त्याला मी काय सांगू? ती बोलत राहिली आणि काका तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विचार करून सांगतो."

गाडी विकायची म्हणजे या माणसाचं काय विकायचं, हे मी जवळून बघत होते. आठवडाभर ते घरात दोन घड्याळं पुसत आणि खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी एकटे कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसत. रविवारी पार्किंगच्या मजल्यावर पोचले की त्यांच्या पाठीचा बाक कमी होई. आणि तिचं म्हणणंही चूक नव्हतं. मी आपली दोन्हीकडून मान हलवत होते.

त्यात माझी मुदत संपत आली. पुण्याची नोकरी पक्की झाली. गेज लावणाऱ्या म्हाताऱ्या गॅरेजवाल्याने त्याच सुमारास दुकान बंद केलं. मी गेल्यावर नळीला कान कोण लावणार? मी बरीच शोधाशोध केली, जुन्या गाड्यांवरच्या लोकांच्या चर्चा वाचल्या, आणि एका सकाळी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, "काका, या गाडीला एकच कार्ब्युरेटर बसवता येतो. दोन फाट्यांची एक नळी मिळते, एकातूनच दोन्ही सिलिंडरना पोचतं. जुळवायची भानगडच नाही."

"एक?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "जहाजावर पाण्याचा पंप दोन, तेलाचा पंप दोन. एक बसला की दुसरा उभा राहतो. आणि तू मला भर रस्त्यात एकाच्या भरवशावर सोडतेस?"

"तुमचा पोर्टचा बंद पडला तर स्टारबोर्डचा त्याचं काम करतो का?"

त्यांनी पोह्यांतला एक शेंगदाणा बशीच्या कडेला सारला.

"म्हणजे तो स्टँडबाय नाहीच. दोघांपैकी कुणीही रुसलं की गाडी लंगडी. उलट रुसणारे दोन."

"थोडा वेग जाईल," ते बशीकडे बघत म्हणाले.

"जाऊ दे की. या बेटावर तो वापरणार कुठे? समुद्रात?"

"लग्न झाल्यावर नवऱ्याशीही अशीच बोलणार का?" म्हणाले आणि गार झालेले पोहे संपवले. गाडीला एका कार्ब्युरेटरची काहीच गरज नव्हती. गरज त्यांच्या कानांना होती. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं आणि म्हणून ते इतके दुखावले होते. महिन्याभराने विलायतेहून एक पुडकं आलं. त्यांनी ते मला न सांगता मागवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमची दोन फाट्यांची नळी आणि एक कोरा कार्ब्युरेटर. पुडकं कितीतरी दिवस तसंच टेबलावर होतं, त्याच्यावर ते वर्तमानपत्र ठेवत.

काम करायला बसले तेव्हा मात्र बघत राहावं असं. जुने दोन कार्ब्युरेटर उतरवले, रॉकेलमध्ये धुतले, मऊ फडक्यात वेगवेगळे गुंडाळले. नळीचे दोन्ही फाटे इंजिनाच्या तोंडांना बसेनात तेव्हा काचेवर पॉलिश पेपर अंथरून ते आख्खा रविवार त्यांची बुडं घासत होते. कुठूनही हवा शिरता कामा नये. मग पेट्रोलचं प्रमाण. फेरी मारायची, प्लग काढायचा, त्याचा रंग बघायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी. याला कान लागत नाहीत, डोळे लागतात, आणि डोळे त्यांचे ससाण्याचे होते. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला त्या दिवशी त्यांनी तो मला बोटांच्या चिमटीत धरून दाखवला. "डॉक्टर, पाव फुगला."

सगळं ठीक झालं होतं. पण स्वभावाला औषध नाही. आधी हँडलच्या मुठीपासून रेस वाढवणाऱ्या दोन केबल जात होत्या, आता एकच पुरे होती. दुसरी काढून ठेवायची, तर यांनी ती कामाच्या केबलला चिकटपट्टीने बांधून टाकली. स्टँडबाय. एक तुटली तर रस्त्यातल्या रस्त्यात दुसरी जोडता येईल. मी विचारलं, पिशवीत ठेवली तर नाही का चालणार? तर म्हणाले, "स्टँडबाय जागेवर लागतो."

पुढच्या रविवारी त्यांनी पार्किंगच्या मोकळ्या मजल्यावर फेरी मारली. गाडी खरंच मऊ चालत होती, आवाज एकसारखा, गोल. टोकाला जाऊन ते थांबले, क्लच दाबून धरला आणि परत यायला हँडल पूर्ण वळवलं. दोन केबल एकत्र बांधल्याने ताठ झाल्या होत्या. हँडल वळताच त्या ओढल्या गेल्या आणि रेस वाढली. इंजिन किंचाळायला लागलं, तेही त्यांना न ऐकू येणाऱ्या पट्टीत. गाडी इतकी मऊ झाली होती की तळव्यांनीही दगा दिला असावा. मी दोन्ही हात हलवत, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "काका, क्लच सोडू नका!" त्यांना वाटलं मी शाबासकी देते आहे. त्यांनी मला अंगठा दाखवला आणि क्लच सोडला.

गाडी उडी मारून कडेच्या झुडपांच्या वाफ्यात शिरली. काका वाफ्यात, गाडी त्यांच्या शेजारी. मनगट मुरगळलं, पाय ठेवायची दांडी वाकली, झुडपं गेली. याहून जास्त काही झालं नाही.

मुलगी जेवायला आली तेव्हा ते मनगटाला बर्फ लावून बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काय झालं ते मी सांगितलं, केबलपासून अंगठ्यापर्यंत.

"शी वॉज शाउटिंग अँड यू कुडन्ट हिअर?" ती ओरडली.

मला वाटलं, आता 'विचार करून सांगतो' म्हणतील. काकांनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली.

"नाही आलं ऐकू," ते म्हणाले. "बरीच वर्षं नाही येत. तुझा आवाज तर मुळीच नाही. तू ओरडलीस की तेवढा येतो. त्यामुळे मला आपलं वाटत राहतं, ही सदा रागावलेली. काय बोललं म्हणजे रागावणार नाही ते कळत नाही, म्हणून मी बोलतच नाही."

ती खुर्ची ओढून बसली. त्या दिवशी ती ओरडली नाही, त्यांचं मनगट मांडीवर घेऊन बांधत राहिली. जाताना दारात मला म्हणाली, आधी कान, मग मोटरसायकलचं बघू. गाडी विकायचा निर्णय तिने मागे घेतला नव्हता, फक्त पुढे ढकलला होता. आणि पार्किंगच्या मजल्यावर जाऊन काकांनी ती दुसरी केबल स्वतः सोडवली. ती त्यांनी खणात ठेवली नाही, कचऱ्यात टाकली.

कानाची यंत्रं अर्थातच दोन आली, एकेका कानाला एक, आणि ती जुळवावी लागतात हे कळल्यावर काका एकदम खुलले. यंत्र बसवणारी चिनी मुलगी बारीक बारीक आवाज सोडायची आणि हे डोळे मिटून सांगायचे, "पोर्ट साइड लिटल रिच. मेक इट लीन." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डावीकडचा जरा कमी करा. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच विचारायला लागली, "अंकल, पोर्ट साइड ओके?" घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते दचकत होते. दारं बंद होताना शिट्टी वाजते हे त्यांना नव्याने कळत होतं. आणि मी मोठ्याने काही विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर, ओरडतेस कशाला? सगळा डबा बघतोय."

मी निघायच्या आधीच्या रविवारी मुलगी सकाळीच आली. गाडीबद्दल काय ठरवायचं ते ती आज ठरवणार होती. आम्ही तिघं पार्किंगच्या मजल्यावर गेलो. काकांनी किक मारली आणि गाडीला हात न लावता नुसते उभे राहिले. आपल्या एका कार्ब्युरेटरचा आवाज ते पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाले, "बरी आहे की. उगाच नावं ठेवत होतो."

मग हेल्मेट चढवलं, बसले, गाडी आमच्याकडे पाठ करून रस्त्याच्या उताराकडे वळवली. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. हाताची घडी तशीच ठेवून, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, सवयीने आपल्याशीच म्हणावं तसं ती हळूच म्हणाली, "गो स्लो आ, पापा."

काकांनी मागे न वळता डावा हात वर केला.

"हो गं. ऐकलं," ते म्हणाले आणि उतारावरून खाली गेले.

ती गाडीच्या दिशेने बघत राहिली. आवाज खाली खाली जात रस्त्यावर पोचला, वळला, लांब गेला, तरी ती हलली नाही. मग माझ्याकडे वळून, जणू मी तिथे नव्हतेच आणि मला सगळं सांगायला हवं अशा सुरात म्हणाली, "आय डिडन्ट इव्हन शाउट, यू नो."